डंपिंगचा वारा कुणाच्या घरात शिरतो?

सायन_ट्रॉम्बे

घर चेंबूरला, नोकरी गोवंडीत. एका खाजगी दवाखान्याच्या लॅबमध्ये सतरा वर्षं रक्ता-थुंकीचे नमुने घेते आहे. मागच्या आठवड्यात एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. रक्त काढायला त्याची बाही वर केली, कापसाला स्पिरिट लावून दंड पुसला, तर पांढरा कापूस करडा झाला. बाई ओशाळून म्हणाल्या, "ताई, अंघोळ घालूनच आणलाय हो. येता येता धूळ बसली." त्यांची खोली डंपिंगच्या भिंतीला लागून आहे. तो कापूस डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

मुंबईबाहेरच्यांसाठी सांगते. देवनारचं डंपिंग, म्हणजे मुंबईचा कचरा टाकायचं मैदान, १९२७ पासून चालू आहे. शंभराहून अधिक हेक्टरांचा पसारा, आणि काही ठिकाणी ढीग दहा-बारा मजली इमारतीएवढे. वरती दिवसभर घारी फिरत असतात. पायथ्याशी शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर. २०१६ च्या जानेवारीअखेरीस तिथे आग लागली आणि कितीतरी दिवस धुमसत राहिली. धूर उपग्रहावरून काढलेल्या छायाचित्रातही दिसला होता. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. दोन महिन्यांत पुन्हा आग. त्याच फेब्रुवारीत उच्च न्यायालयानं कचऱ्याची सोय होईपर्यंत मुंबईत नव्या बांधकामांना परवानगी देऊ नका, असा आदेश दिला, तेव्हा कुठे शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांना देवनार हा शब्द माहीत झाला.

लोक मला विचारतात, कचरा नुसता पडलेला असतो, त्याला आग कशी लागते? पेशंट रांगेत असताना इतकं सांगायला वेळ नसतो, इथे सांगते. भाजीची देठं, उरलेला भात, माशाची खवलं, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आपण देतो. ढिगात ते दाबलं जातं आणि आत हवा पोचत नाही. हवेशिवाय जगणारे जंतू ते कुजवतात आणि त्यातून मिथेन तयार होतो. ढीग आतून गरम असतोच. एखादी ठिणगी पडली की वरचं पेटतं, आणि मग आग आत शिरून कोळशाच्या भट्टीसारखी धुमसते. वरून पाणी मारलं तर ते आतपर्यंत जातच नाही. उकरून, माती टाकून, थराथरानं विझवावी लागते.

आणि धुमसणारी आग ही भडकलेल्या आगीपेक्षा वाईट. तापमान कमी असल्यामुळे प्लॅस्टिक अर्धवट जळतं. काजळीचे इतके बारीक कण निघतात की नाकात अडकत नाहीत, सरळ फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. पीव्हीसीच्या वायरी, पाइप, रेक्झीन जळलं की डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. ती शरीरातल्या चरबीत साठतात, वर्षानुवर्षं जात नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट करते, कारण याबाबत खूप गैरसमज आहे. धुरानं टीबी होत नाही. टीबी जंतूमुळे होतो. पण धुरानं आधीच खराब झालेली फुप्फुसं, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि पोटाला कमी अन्न, हे एकत्र आलं की त्या जंतूला काही कष्टच पडत नाहीत. आमच्याकडच्या थुंकीच्या डब्या मी रोज मोजते.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच. धूर, वास, काळं पाणी, माश्या, उंदीर या सगळ्यांच्या मुळाशी ओला कचरा आहे. तो डंपिंगवर जायचा थांबला तर यातलं बहुतेक थांबेल. आणि तो आपल्या ओट्यावर तयार होतो. तुमच्या गावात-शहरात काय चाललंय ते लिहा.

भांडुपवाली

ताई, तो कापूस वाचून हात थांबला. २०१६ मध्ये माझी मुलगी तिसरीत होती. आम्ही एवढ्या लांब, तरी सकाळी गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके असायचे. आम्ही खिडक्या बंद करून घेतल्या. त्या लोकांना तीही सोय नाही.

नाना_बीड

मी निवृत्त डॉक्टर. १९९४ मी विसरू शकत नाही. आमच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात ऑगस्टअखेर गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले. आदल्या वर्षी किल्लारीचा भूकंप झालेला. त्याच्या धास्तीनं लोक घराबाहेर राहत होते आणि बंद घरांतलं धान्य उंदरांना मोकळं मिळालं, असं तेव्हा मानलं गेलं. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग. तिथे तापीला पूर येऊन गेलेला, मेलेली जनावरं आणि कुजका कचरा रस्त्यावर पडून. पन्नासच्या आसपास माणसं गेली, पण शहर सोडून पळालेले लाखांत होते. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या कुठल्याच दुकानात मिळेनात.

पुढचं लोकांना फारसं माहीत नसतं. १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून सुरतेत आले. रोज सकाळी अधिकाऱ्यांना गल्ल्यांतून फिरायला लावलं, उघड्यावरचा कचरा उचलायच्या वेळा ठरवून दिल्या, आणि दीड-दोन वर्षांत तेच शहर देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत गणलं गेलं. त्यासाठी कुठलंही नवं औषध लागलं नाही.

सायनताईंच्या यादीत मी डेंग्यू घालेन. डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. उकिरड्यावरची नारळाची करवंटी, टायर, आइस्क्रीमचा कप, चहाचा प्लॅस्टिकचा पेला, पावसाळ्यात हेच त्याचे पाळणे. त्याची अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुढच्या पावसात फुटतात. म्हणून नुसता धूर मारून भागत नाही. करवंटी उचलावी लागते.

मोटेवरचा

मी शेतकरी. गावाचं नाव लिहीत नाही, गावात राहायचंय. आमच्या शिवारापासून अर्ध्या किलोमीटरवर शेजारच्या शहराचा कचरा डेपो आला त्याला चौदा वर्षं झाली. त्याआधी तिथे गायरान होतं.

विहीर आजोबांनी खोदलेली, पंचेचाळीस फूट. डेपो आल्यावर चौथ्या पावसाळ्यात पहिल्यांदा लक्षात आलं. हंड्यात पाणी रात्रभर ठेवलं की सकाळी वर तवंग, तेल सांडल्यासारखा, उन्हात धरला की रंग दिसायचे. चहा केला की दूध फाटल्यासारखा व्हायचा. आईला वाटलं दूधच खराब. मग एकदा मुसळधार पावसात बांधावर उभा होतो तेव्हा दिसलं, डेपोच्या भिंतीखालून काळं पाणी येत होतं, काकवीच्या रंगाचं, आणि सरळ आमच्या ओढ्याला मिळत होतं. वास असा की बैल पुढे जाईनात.

त्या वर्षापासून पिण्याचं पाणी विकत. विहीर कपाशीला चालते म्हणून चालवतो, पण त्या पाण्यानं काढलेली भाजी मी घरात खाऊ देत नाही, मग बाजारात कशी नेऊ? भाजी लावणंच सोडलं.

एक गायही गेली. आठ दिवस चारा खाईना, पोट ढोलासारखं. डॉक्टरांनी नंतर फाडून दाखवलं, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा एकच गोळा, घट्ट पिळून ठेवल्यासारखा. पिशवीत शिळी पोळी बांधून टाकणाऱ्याला वाटत असेल गाईला घास दिला. गाय गाठ सोडू शकत नाही हो. ती पिशवीसकट खाते.

सायन_ट्रॉम्बे

दादा, काय लिहू. तुमच्या विहिरीच्या पाण्याची तपासणी झाली आहे का? जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत नमुना देता येतो. पाणी उपसून थोडा वेळ वाहू द्या, मग बाटलीत भरा. त्यांना नायट्रेट, टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि शिसं-कॅडमियमसारखे जड धातू यांचं मुद्दाम सांगून तपासून घ्या, नेहमीच्या तपासणीत धातू असतीलच असं नाही. लेखी अहवाल हातात ठेवा.

करदाता_कोथरूड

विषय महत्त्वाचा आहे, पण माझं मत वेगळं आहे. मी कर भरतो. कचऱ्याचं पुढे काय करायचं हे प्रशासनाचं काम आहे. युरोपात कचरा जाळून वीज करतात. तसे प्रकल्प उभारले की डंपिंगचा प्रश्न संपतो. प्रत्येक गृहिणीनं चार डबे सांभाळायचे आणि वर अपराधी वाटून घ्यायचं, हे मला पटत नाही.

चाळणवाला

मी जुन्या कचऱ्याच्या बायोमायनिंगवर, म्हणजे जुने ढीग उकरून, चाळून मोकळे करण्याच्या कामावर आहे, म्हणून या मुद्द्यावर सविस्तर लिहितो.

करदाता, प्रशासनाची जबाबदारी आहेच, त्यात वाद नाही. पण जाळायला कचरा जळाऊ असावा लागतो. आपल्या शहरी कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला असतो. ओली लाकडं चुलीत घातल्यावर जे होतं तेच भट्टीत होतं. १९८७ मध्ये दिल्लीत तिमारपूरला डेन्मार्कच्या मदतीनं असा प्रकल्प उभा केला होता. मिश्र कचऱ्याला पुरेशी उष्णताच नव्हती. काही आठवड्यांतच तो बंद पडला. डायॉक्सिन होऊ नयेत म्हणून भट्टीत ८५० अंशांच्या वर तापमान सतत टिकवावं लागतं, आणि ओला कचरा ते टिकू देत नाही. म्हणजे जाळायचं ठरवलं तरी वेगळं करणं सुटत नाही.

आता जुन्या ढिगांबद्दल. काम असं चालतं. ढीग पोकलेननं उकरायचा, दीड-दोन मीटर उंचीच्या लांब ओळी लावायच्या, त्यावर जंतूंचं कल्चर फवारायचं आणि आठवडाभरानं ओळ उलटायची. उलटताना वाफ निघते, पहाटे तर सगळं मैदान धुक्यात असल्यासारखं दिसतं. असं तीन-चार वेळा केलं की वजन कमी होतं, वास जातो. मग ट्रॉमेल, म्हणजे गोल फिरणारी मोठी चाळण. खाली बारीक माती पडते, वर दगड-विटा, कापड, प्लॅस्टिक राहतं. प्लॅस्टिक-कापडाचे गठ्ठे सिमेंटच्या भट्ट्यांना जळण म्हणून जातात. माती खोलगट जमीन भरायला. ती शेतात मात्र घालू नये, त्यात काचेचे कण आणि धातू असतात. "फुकट खत" म्हणून कुणी देत असेल तर घेऊ नका.

मला त्या कामात एकदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची दुधाची पिशवी सापडली. छपाई वाचता येत होती. तिच्या आत बांधलेल्या भाज्यांचा मात्र काळा लगदा झाला होता आणि तो अजून गॅस सोडत होता.

मुलुंडचं डंपिंग, २४ हेक्टर, २०१८ मध्ये बंद करून असंच चाळायला घेतलं. देवनारला साठलेला कचरा १८५ लाख टन असल्याचं पालिकेच्या निविदेत होतं. शून्य किती ते एकदा कागदावर लिहून बघा. आणि नवा मिश्र कचरा येत राहिला तर आम्ही एका बाजूनं चाळतो आणि दुसऱ्या बाजूनं ढीग वाढतो.

अजून एक धोका कुणी लिहिला नाही. ढीग कोसळतात. फिलिपिन्समध्ये पायातासला जुलै २००० मध्ये पावसानंतर ढीग घसरून दोनशेहून अधिक माणसं गाडली गेली. २०१७ मध्ये मार्चला आदिस अबाबात शंभरावर, एप्रिलमध्ये कोलंबोजवळ मीतोतामुल्लाला तीसच्या वर, आणि सप्टेंबरला दिल्लीत गाझीपूरला दोन. सगळीकडे मेले ते पायथ्याशी राहणारे, नाहीतर तिथून जाणारे. ओल्या कचऱ्याचा ढीग आतून चिखल असतो. त्याला उतार पेलत नाही.

करदाता_कोथरूड

तिमारपूरचं माहीत नव्हतं. ओल्या लाकडाचं उदाहरण पटलं.

काचपत्रा

मी पहिल्यांदाच लिहितेय. माझी आई पुण्यात कचरावेचक आहे. आधी ती पोतं घेऊन उकिरड्यावर वेचायची, पहाटे चारला निघायची. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना झाली, आई नंतर त्यात आली. पुढे २००८ पासून 'स्वच्छ' नावाच्या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेमार्फत घरोघरी कचरा घेते. आता तिच्याकडे ओळखपत्र आहे, ती दारात उभी राहून कचरा मागते. हा फरक बाहेरच्याला कळणार नाही. उकिरड्यावर ती कुत्र्यांबरोबर वेचत होती.

तिचे हात बघाल तर डाव्या तळव्यावर एक लांब व्रण आहे. फुटलेली बल्बची काच, कुणीतरी भाजीच्या कचऱ्यात कोंबलेली. सात टाके. ते घर कुठलं तिला माहीत आहे, पण ती सांगत नाही. म्हणते, "मुद्दाम नसेल टाकलं." एकदा इन्शुलिनची सुई टोचली, तेव्हा आम्ही सगळे तपासण्यांचे निकाल येईपर्यंत झोपलो नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचंय. काच वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर पेननं "काच" लिहा. सुई झाकण लावून जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत, बूच घट्ट. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा, म्हणजे उघडून बघायला लागत नाही. डायपरचंही तेच. आणि दुधाची पिशवी कोपरा पूर्ण कापून न टाकता विसळून द्या, तो छोटा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही.

आई म्हणते, ओलं वेगळं असलं की सुक्याला भाव येतो. आमटी सांडलेला कागद भंगारवाला घेत नाही. तुम्ही वेगळं केलंत तर तिची दिवसाची कमाई वाढते, हे असं सरळ आहे.

भांडुपवाली

काचपत्रा, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. दुधाच्या पिशवीचा कोपरा मी रोज कापून टाकत होते.

राजवाड्यामागे

इंदूरहून. आमच्याकडे देवगुराडियाला शंभर एकरांवर असाच ढीग होता, १३ लाख टनांच्या आसपास. महापालिकेनं यंत्रं भाड्यानं घेऊन २०१८ च्या अखेरीस तो चाळून संपवला, आता तिथे झाडं आहेत. पण त्याच्या आधी घरोघरचा कचरा वेगळा घ्यायला सुरुवात झाली होती, हे महत्त्वाचं. ओल्यापासून गॅस करणारा, रोज ५५० टनांचा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, त्या गॅसवर शहरातल्या बस चालतात. मिश्र कचऱ्यावर तो प्रकल्प एक दिवस चालला नसता. माझी सासू ऐंशीची आहे, गाडीचा आवाज आला की डबे स्वतः उचलते. सवय लागायला आम्हाला दोन-तीन महिने लागले, त्या काळात गाडीवाले मिश्र कचरा परत करायचे आणि भांडणं व्हायची.

आधारवाडीकर

कल्याणचा अनुभव थोडक्यात. आमचं आधारवाडी डंपिंग खाडीच्या काठाला, दर उन्हाळ्यात आग. २०२० मध्ये रामदास कोकरे उपायुक्त म्हणून आले. त्याआधी वेंगुर्ल्याला मुख्याधिकारी असताना त्यांनी तिथल्या डंपिंगचं अक्षरशः उद्यान केलं होतं. इथेही वेगळा न केलेला कचरा घेणं बंद केलं. २०२१ मध्ये आधारवाडीला कचरा टाकणं थांबलं. पहिले काही महिने रस्त्याच्या कडेला पिशव्या दिसायच्या, खोटं कशाला बोलू. पण खिडकी उघडी ठेवून झोपता येणं काय असतं, ते आम्हाला तेव्हा कळलं.

मडगावची_शणै

असं डंपिंग आमच्याकडेही आहे, सोनसोडो. २०१९ च्या मे महिन्यात पेटलं तेव्हा मडगावात डोळे चुरचुरत होते. ताई, मला एक प्रॅक्टिकल विचारायचं आहे. दोनदा घरी खत करून बघितलं, दोन्ही वेळा वास आणि अळ्या. माशांचे काटे तर आम्हाला रोजचे. काय चुकतं?

सायन_ट्रॉम्बे

शणै, अळ्या बघून टाकून दिलंत ना? मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. काळपट, जाडसर अळ्या असतील तर त्या काळ्या सैनिकी माशीच्या. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट ओलं फार झपाट्यानं संपवतात. बाहेर फिरायला लागल्या की समजायचं आत पाणी जास्त झालंय.

वासाचं कारण जवळजवळ नेहमी एकच, ओलावा जास्त आणि हवा कमी. ढिगात जे होतं तेच बादलीत होतं. बादलीला खालून आणि बाजूनं भोकं पाडा. ओल्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच कोरडा पालापाचोळा किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा. पालापाचोळा जाळणारा माळी दिसला तर त्याच्याकडून घ्या, तो खूश होतो. विरजण म्हणून आंबट ताकात थोडा गूळ किंवा मूठभर जुनं खत. तीन दिवसांनी एकदा वर-खाली करा. हात घातल्यावर कोमट लागलं पाहिजे, मुठीत दाबलं तर पाणी गळता कामा नये. काटे आणि खवलं थोडी थोडी, मधोमध पुरायची, वर कोरडं जास्त. रश्श्यातलं पाणी आधी गाळून काढा. साधारण दीड-दोन महिन्यांत पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो.

मी घरी एक आठवडा वजन करून बघितलं होतं. चार माणसं, ओला साडेपाच किलो, सुका पावणेदोन. तो सुका भंगारवाल्यानं जवळजवळ सगळा नेला. कचरागाडीत टाकायला उरलं ते एका छोट्या पिशवीत मावलं.

मोटेवरचा

आज जिल्ह्याला जाऊन पाण्याचा नमुना देऊन आलो. धातूंची तपासणी सांगितलीत म्हणून मागितली, तिथल्या माणसानं वेगळा अर्ज भरून घेतला. निकाल आला की इथे टाकतो.

नाना_बीड

मोटेवरचा, अहवाल आला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आकडे वाचून सांगतो. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तोवर त्या पाण्याचा घोटही नको. उकळून नायट्रेट जात नाही, उलट वाढतं.

सायन_ट्रॉम्बे

त्या मुलाचं हिमोग्लोबिन कमी आलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय, बाई शुक्रवारी परत येणार आहेत. आमच्या सोसायटीची काल सभा झाली. बत्तीसपैकी एकोणीस घरं ओलं वेगळं द्यायला तयार झाली, बाकीच्यांनी बघू म्हटलंय. रविवारी गच्चीच्या जिन्याखाली दोन पिंपं बसवतोय. चेंबूर-गोवंडीतलं कुणी येणार असेल तर दहा वाजता या, कोरडा पाला असेल तर पिशवीभर घेऊन या.